एमजीबी सोडून एलान घ्यावी का? जालन्याच्या प्रश्नाला चिकलठाण्याहून उत्तर

प्रश्न जालन्याहून आला आहे. विचारणारे ५२ वर्षांचे, बियाण्यांच्या धंद्यातले. ११ वर्षांपासून त्यांच्याकडे १९७१ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. रविवारी राजूरच्या गणपतीला, अधूनमधून संभाजीनगरला आणि थंडीत एखाद्या पहाटे वेरूळ-म्हैसमाळला, एवढा तिचा वापर. आता मुंबईत १९६९ची लोटस एलान एस४, तीही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, टप उघडणारी, विकायला निघाली आहे. ते विचारतात: एलान खरंच एवढी वेगळी आहे का? आपल्या रस्त्यांवर आणि उन्हात टिकेल का? पाठीला झेपेल का? आणि एमजीबी आधी विकावी की नंतर?

मी चिकलठाण्याला जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवतो. त्याआधी ९ वर्षं इंग्लंडमध्ये नॉरफोक भागातल्या एका छोट्या गॅरेजात होतो. तिथं बहुतेक काम लोटसचंच असायचं. या दोन्ही गाड्या पार सुट्या करून परत जोडल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, फार वेगळी आहे. आणि घ्या, असंच मी म्हणेन. पण ही गाडी घेताना मिस्त्रीही बदलावा लागतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही. एमजीबीला आपल्या भागात मिस्त्री सापडतो. एलानला सापडत नाही. तिचे मिस्त्री तुम्हालाच व्हावं लागेल. त्याची तयारी असेल तर पुढचं वाचा, नसेल तर एमजीबी ठेवा आणि तिच्यावरच खर्च करा.

हे असं का, ते सांगतो. तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिजचं आहे. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबेसडरमध्ये कित्येक वर्षं होतं. शहागंजात एक उस्ताद होते, आयुष्य अँबेसडर बांधण्यात गेलेलं. त्यांच्यासमोर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा त्यांनी टॅपेट कव्हरवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "ये तो अपनीच है मामू." मग फट मोजायचं फिलर गेज मागितलं आणि पाऊण तासात आठही टॅपेटचा गॅप १५ थाऊवर, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशावर, आणून ठेवला. त्यांनी एमजीबी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. पण पुशरॉड, रॉकर, एसयू कार्बोरेटर, मागचे कमानपट्टे, सगळं ओळखीचं. अंबडला बंद पडा नाहीतर देऊळगाव राजाला, एखादा पांढऱ्या केसांचा मिस्त्री तुमची गाडी घरी पोचण्याइतकी चालू करून देतोच. ११ वर्षं तुम्हाला त्रास झाला नाही, त्यात गाडीइतकाच या लोकांचा वाटा आहे.

एलानच्या इंजिनाचं खालचं अंग फोर्डचं, साधं आणि मजबूत. वरचं हेड मात्र लोटसचं, हॅरी मंडी या इंजिनिअरने आखलेलं, अॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं. त्यातल्या टॅपेटचा गॅप पान्याने आणि पेचकसाने बसत नाही. गॅप मोजायचा, कागदावर लिहायचा, कॅमशाफ्ट काढायच्या, बकेटखालची (व्हॉल्व्हवर बसलेल्या वाटीखालची) चकती मायक्रोमीटरने मोजून दुसऱ्या जाडीची घालायची, परत सगळं बसवून परत मोजायचं. काम अवघड नाही, पण घाई करणाऱ्याच्या हातात ते द्यायचं नाही. आपल्याकडे "साहेब, अंदाजाने बसवतो" म्हणणारे चांगले मिस्त्रीसुद्धा आहेत. एलानला अंदाज चालत नाही.

आता वेगळेपणा. स्पोर्टी म्हणजे जास्त ताकद, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथं तसं नाही. दोघींची ताकद जवळपास सारखी, १०० अश्वशक्तीच्या अलीकडे-पलीकडे. एलानचं इंजिन तर लहानच, १५५८ सीसी. फरक वजनात आहे. तुमची गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास भरते, एलान ७००च्या आतबाहेर. अडीच क्विंटलचा फरक. अडीच क्विंटल सोयाबीन गाडीतून उतरवून ठेवलं तर ती कशी उठेल, कशी थांबेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. ताशी ६० मैलांचा वेग गाठायला एमजीबी १२ सेकंदांच्या आसपास घेते, एलान त्याच्या तीन-चार सेकंद आधी पोचते. शिवाय एलानला चारही चाकांना डिस्क ब्रेक, तुमच्या गाडीला फक्त पुढे.

पण हे सगळं सरळ रस्त्यावरचं. खरा फरक वळणावर कळतो. दौलताबादचा तो अरुंद दरवाजा ओलांडून खुलताबादकडे चढायला लागा. एमजीबीत वळणाआधी वेग मोडावा लागतो, स्टिअरिंग फिरवलं की गाडी कलते, नाक जरा बाहेर जायला बघतं, ती सावरेपर्यंत थांबायचं आणि मग गॅस द्यायचा. मध्येच खड्डा आला तर मागचा अख्खा अॅक्सल एक उडी घेतो, कारण दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर आणि पाट्यांवर बांधलेली. हा तिचा स्वभाव आहे, त्यालाही एक गोडी आहे, मला आवडतो. एलानमध्ये चारही चाकं स्वतंत्र. वळणाआधी पाय नुसता उचलला की पुरतं. स्टिअरिंगला मनगट लागतं, खांदा नाही. खड्ड्यात एक चाक जातं आणि बाहेर येतं, बाकीच्या तिघांना पत्ता नसतो. पहिल्यांदा त्या घाटात ती वर नेली तेव्हा खुलताबादला पोचल्यावर मी गाडी बाजूला लावली, परत खाली दौलताबादला आलो आणि परत वर गेलो.

इथंच तुमच्या रस्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. स्पोर्टी गाडी म्हणजे कडक, हाडं खिळखिळी करणारी, ही समजूत एलानला लागू नाही. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी गाडी हलकी ठेवली आणि स्प्रिंग मऊ, लांब चालीच्या दिल्या. जालना-भोकरदन रस्त्यासारख्या ठिगळांच्या रस्त्यावर एलान तुमच्या एमजीबीपेक्षा मवाळ चालते. पाठीचं म्हणाल तर बसल्यावर काही त्रास नाही, पाय लांब, पाठ रेललेली. त्रास आहे तो आत-बाहेर करण्यात. एमजीबीपेक्षा ती सुमारे १० सेंटीमीटर अरुंद आहे आणि बसायचं खूप खाली. टप लावलेला असताना आधी बूड टेकायचं, मग पाय आत. वहिनींना साडीत हे जमतं का, ते विकत घेण्याआधी एकदा बघून घ्या. माझ्याकडचं एक गिऱ्हाईक केवळ याच कारणाने सहा महिन्यांत गाडी विकून मोकळं झालं.

समृद्धी महामार्गावर मात्र एमजीबीच बरी, त्यातही तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्याच्या वरचा जादा गिअर, असेल तर नक्कीच. ताशी १०० किलोमीटरला तिचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली शांत चालतं. एलानला चारच गिअर, ओव्हरड्राइव्ह नाही. त्याच वेगाला ती साडेतीन हजारांच्या वर ओरडत राहते. जालना ते संभाजीनगर जुन्या रस्त्याने जा, तिला तोच मानवतो. शिवाय तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर घेऊन जाऊच नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. अशा गाड्या वापरल्या जात नाहीत, म्हणून टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर दहा-बारा वर्षांचं निघतं. सहा वर्षांवरचं असेल तर किमतीतून चार टायर वजा करूनच बोला.

आता मुंबईला गेल्यावर काय बघायचं. पहिली गोष्ट चासी. एलानची बॉडी फायबरची, ती कधी गंजत नाही, आणि माणूस फसतो तो इथंच. वर रंग आरशासारखा आणि आत पोलादी चासी सडलेली, असं मी इंग्लंडमध्ये कितीदा पाहिलं आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर जास्तच जपून बघा. चासी म्हणजे गाडीच्या मधोमध एक पेटीसारखा कणा, पुढे-मागे त्याला फाटे फुटलेले. पुढच्या फाट्यांवर जे उभे मनोरे आहेत, जिथं सस्पेन्शन धरलेलं असतं, त्यांच्या बुडाशी पाणी साठतं आणि आतून बाहेर गंज येतो. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन जा. पेचकसाच्या मुठीने हळूच ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला की तिथं फक्त रंग उरला आहे असं समजा.

चासी तपासायची आणखी एक खूण सांगतो. एलानचे पुढचे दिवे मोटारवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर उघडतात, आणि ते व्हॅक्यूम साठवायची टाकी म्हणजे चासीचाच पुढचा आडवा तुकडा. मालकाला दिवे वर करायला सांगा, इंजिन बंद करा आणि उभे राहून बघा. दिवे लगेच झुकायला लागले तर व्हॅक्यूम गळतंय. नळी गळत असेल तर किरकोळ काम. तो आडवा तुकडाच गंजून भोक पडलं असेल तर चासी बदलायचं काम. आणि हा फक्त तपासणीचा मुद्दा नाही. आपल्याकडे उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगीच्या बाजूला रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, हे तुम्ही रोज बघता. झुकणाऱ्या दिव्यांची एवढीशी गाडी घेऊन त्या रस्त्याला रात्री जायचं नाही म्हणजे नाही.

चासी बदललेली असेल तर घाबरू नका. लोटसनेच पुढे जस्ताचा लेप दिलेल्या चासी पुरवल्या, आणि तशी चासी असलेली गाडी मी जास्त पैसे देऊन घेईन. पण कागदपत्रं मागा. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी त्यात अट आहे. नोंदणी १० वर्षांची, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. आणि त्या क्रमांकावर रोजच्या वापराला गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे मुंबईची गाडी कोणत्या नोंदणीवर आहे, त्यावर तुमचं दर रविवारचं राजूर अवलंबून आहे. साधी जुनी नोंदणी असेल आणि वेळेवर नूतनीकरण केलेलं असेल तर ती जपा. उगाच व्हिंटेजकडे जाऊ नका. सौदा करण्याआधी कागद घेऊन जालन्याच्या आरटीओत स्वतः बसून विचारून या.

दुसरी गोष्ट, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरची रबरं. त्यांना रोटोफ्लेक्स म्हणतात. मेदूवड्याच्या आकाराची जाड रबरं, त्यात लोखंडी बुश बसवलेले, प्रत्येक बाजूला दोन. ताकद त्यांच्यातूनच चाकाला पोचते. म्हणून एलान क्लच सोडताना एक-दोन हिसके देते. गांधी चमनच्या गर्दीत पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल क्लच गेला. तसं नसतं, ती रबरं पीळ खाऊन सुटत असतात. महिनाभरात पायाला सवय होते. बघायचं ते असं: गाडी वर घ्या, चाक हाताने पुढे-मागे दाबून रबराला पीळ द्या आणि टॉर्च धरून बुशच्या भोवती नखाने चाचपा. नख अडकलं की भेग आहे. भेग म्हणजे रबर बदलायचं, पुढच्या महिन्यात नाही, त्याच दिवशी.

इथं मी एक चूक केली आहे, ती तुम्ही करू नका. संभाजीनगरला वाळूज आहे, चिकलठाणा आहे, दुचाकी-चारचाकीचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखानदार आहेत. बुश, पिन, ब्रॅकेट, रेडिएटरची टाकी, जे सांगाल ते इंग्लंडच्या तोडीचं इथं बनतं, मी बनवून घेतो. त्या भरवशावर एकदा रोटोफ्लेक्सही एका रबरवाल्याकडून ओतून घेतलं. दिसायला नंबर एक. लासूरच्या अलीकडे, ताशी ७०च्या वेगात, मागून मोठ्याने धाडधाड आवाज झाला. रबर बुशपासून सुटलं होतं आणि लोंबकळणाऱ्या शाफ्टने चासीला तीन ठिकाणी पोचे पाडले होते. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं. कुणाला लागलं नाही, पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. लोखंड आपलं चालतं. ही रबरं मात्र नामांकित इंग्लिश पुरवठादाराकडूनच मागवायची आणि एक जोडी कायम कपाटात ठेवायची. अंधारात आणि थंड जागी, पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

तिसरी गोष्ट पुढच्या चाकांची, आणि इथं एलान आपल्या मिस्त्र्यांना थोडीशी ओळखीची आहे. तिचे पुढचे उभे हात आणि ट्रनिअन (उभ्या हाताच्या खालच्या टोकाचा, चाक वळताना फिरणारा पितळी जोड) ट्रायम्फ हेराल्डच्या घराण्यातले. तीच हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड नावाने बनत होती, आपल्याकडेही डॉक्टर-वकिलांकडे असायची. ज्याने स्टँडर्ड हेराल्ड बांधली त्याला हे ठाऊक असतं: ट्रनिअनमध्ये ग्रीस घालायचं नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. पितळी आट्यांच्या पोटात ग्रीस सुकून दगड होतं, वर-खाली तेल पोचत नाही, आटे झिजतात आणि एक दिवस उभा हात तुटून चाक गाडीखाली दुमडतं. सर्व्हिस स्टेशनवरचा पोरगा मात्र निप्पल दिसलं की ग्रीसगन लावतो, त्याचा काय दोष. तुमच्या एमजीबीच्या किंगपिनला ग्रीसच लागतं, म्हणून तुमचाही हात तिकडेच जाईल. मी तर निप्पलला लाल रंग लावून ठेवतो.

चौथी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण सगळ्यांत जास्त काळजी मला तिचीच वाटते. पेट्रोल.

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातले साखर कारखाने ते बनवतात, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९६९ सालचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. जुन्या नळ्या आतून फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी सुटतं, टाकी गंजते, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा थर बसतो. तुमच्या एमजीबीत असं झालं तर गाडी मिसिंग करते, तुम्ही वाटी साफ करता, निघता.

एलानमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटणारा भाग, बरोबर कार्बोरेटरच्या खाली बसतो. वरून गळलेला थेंब ठिणगी पडते त्या जागी जातो, आणि भोवती सगळी बॉडी फायबरची. फायबर पेटलं की सहज विझत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन वेबर कार्बोरेटर दिसतात. ते हेडवर घट्ट आवळलेले नसतात, मध्ये रबरी रिंग आणि स्प्रिंगसारखे वॉशर असतात. इंजिनची थरथर कार्बोरेटरला लागू नये, नाहीतर वाटीतलं पेट्रोल फेसाळतं. तो वॉशर साधारण १ मिलिमीटर फट राहील एवढाच दाबायचा असतो. न माहीत असलेला मिस्त्री तो पूर्ण आवळतो, किंवा रबरी रिंग जुनीच ठेवतो.

एप्रिलमधली एक दुपार सांगतो. वेरूळहून परत येत होतो, गिऱ्हाइकाची एलान, नुकती ताब्यात आलेली, ऊन ४१ अंशांचं. दौलताबादच्या उतारावर पेट्रोलचा वास आला. फार नाही, पंपाजवळून जाताना येतो तेवढाच. गाडी चिंचेच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केलं, बॅटरीची तार काढली, मग बॉनेट उचललं. मागच्या वेबरच्या जोडावर एक नळी. तिच्या टोकाला बोट लावलं तर रबर गुळाच्या पाकासारखं बोटाला चिकटलं. खाली डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर ओला डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. अजून दहा मिनिटं चालवली असती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण नॉरफोकमध्ये जळालेली एलान मी पाहिली आहे. चासी आणि इंजिनचा ठोकळा एवढंच उरलं होतं.

म्हणून गाडी घेतल्यावर घरी आणण्याआधी, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत प्रत्येक नळी बदला. एसएई जे३० आर९ प्रतीची नळी मागा, ती इथेनॉल सहन करते. प्रत्येक क्लिप नवी. पंपाचा पडदा इथेनॉल चालणारा. वेबरच्या रबरी रिंगा नव्या. चालकाच्या हाताला येईल असा आग विझवायचा सिलिंडर आणि बॅटरी तोडायचा एक खटका. हे सगळं होईपर्यंत ती गाडी चालवत जालन्याला आणू नका, ट्रकवर आणा. यातल्या नळ्या, क्लिपा आणि पडद्याचं काम एमजीबीलाही करून घ्या, पुढच्या मालकाच्या हातात धोका देऊ नये.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, हेही लक्षात घ्या. तेवढ्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) इंजिनाला पेट्रोल कमी पडतं, गाडी जास्त तापते आणि ओढत नाही. वेबरचे जेट एक-दोन घर मोठे करावे लागतात. स्पार्क प्लग काढून रंग बघत बघत हे काम करायचं, एकदाच बसवून विसरायचं नाही. आणि कुणी सांगितलं की हवेच्या गाळणीचा एअरबॉक्स काढून उघडे कर्णे लावा, आवाज छान येतो, तर ऐकू नका. आवाज छान येतो हे खरं आहे. पण आपल्याकडची नांगरटीच्या दिवसांतली धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासते.

गरमीबद्दल थोडक्यात. एलान तापते ती बहुतेक वेळा रेडिएटर बुजल्यामुळे किंवा पंखा कमजोर असल्यामुळे. चांगली नवी जाळी आणि विजेचा पंखा लावला की मार्चपर्यंत काही प्रश्न नाही. मे महिन्यात सकाळी नऊनंतर ती बाहेर काढू नका, एमजीबीही नका. पाण्याचा पंप मात्र एलानचं दुखणं आहे. तो इंजिनच्या पुढच्या कव्हरच्या पोटात बसवलेला आहे. अँबेसडरचा पंप अर्ध्या तासात हातात येतो. इथं टायमिंगचं कव्हर काढावं लागतं, त्यासाठी हेड आणि खालचा संप, म्हणजे तेलाचं भांडं, दोन्ही सैल करावे लागतात. माझ्याकडे हे तीन-चार दिवसांचं काम असतं. पंप मरतो तो बहुतेक पंख्याचा पट्टा जास्त ताणल्यामुळे. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा बऱ्यापैकी दबला पाहिजे. "साहेब, पट्टा ढिला आहे, टाइट करून देतो" असं कुणी म्हणालं तर हात धरा.

विजेच्या तक्रारींना घाबरू नका. फायबरच्या बॉडीत अर्थिंग मिळत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटारीला वेगळी अर्थिंगची तार. दहातल्या नऊ तक्रारी तिथंच असतात. एक सुट्टी घालवा, सगळ्या तारांची टोकं घासून पुसून परत आवळा.

आता एमजीबी आधी विकायची की नंतर. नंतर. किमान एक वर्ष दोन्ही ठेवा. पैशाचा हिशेब मला कळतो, पण कारण ऐका. नवीन आलेली एलान पहिले सहा महिने रस्त्यापेक्षा स्टँडवर जास्त असणार. भाग इंग्लंडहून यायचे, कस्टममध्ये थांबायचे, तुम्ही शिकायचं. त्या काळात रविवारी सकाळी घरात एकही गाडी नसली की माणूस चिडतो, आणि चिडून अर्धवट काम उरकतो. एमजीबी असेल तर राजूरला जाऊन याल आणि दुपारी शांतपणे एलानचा बोल्ट उघडाल. शिवाय एमजीबीला घाई नाही. ती पाच लाखांहून जास्त बनली, तिचे भाग मिळतात, नवीन बॉडीचा सांगाडासुद्धा १९८८पासून इंग्लंडमध्ये बनतो. आज विका, वर्षाने विका, गिऱ्हाईक येईल.

दोन गाड्या ठेवणं जमणारच नसेल तर मात्र माझं मत बदलतं. मग एलान घेऊ नका. एमजीबीचे पुढचे बुश बदला, लिव्हरच्या शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल भरा किंवा ते बांधून घ्या, मागचे पाटे नवे टाका, चांगले टायर घाला. ११ वर्षांत यातलं किती केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. त्यात तिचा निम्मा ढिलेपणा जाईल.

एलान बघायला जायचं ठरलं तर मला कळवा, मी बरोबर येतो, फक्त येण्या-जाण्याचा खर्च द्या. सकाळी लवकर जायचं. मालकाला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन थंड असताना स्टार्ट कसं होतं, पहिल्या मिनिटात टायमिंग चेन किती खडखडते आणि गरम झाल्यावर तेलाचा दाब कुठं येतो, हे मला स्वतः बघायचं आहे. आणि आधी गॅरेजवर एक चक्कर मारा. तुटलेलं रोटोफ्लेक्स आणि सुकलेल्या ग्रीसचं ट्रनिअन अजून टेबलाखाली ठेवलेलं आहे, हातात घेऊन बघा.